जावातून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग: हेलसिंकीचा मोफत कोर्स पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधून (त्या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात) प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत, शिकायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात चार शब्द पाठ करतात: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. व्याख्या तोंडपाठ होतात, कॅम्पस मुलाखतीत धडाधड सांगताही येतात, आणि तरी रिकामी फाइल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. हा लेख अशांसाठी आहे. मी नोकरी सांभाळून हेलसिंकी विद्यापीठाचा जावा कोर्स पूर्ण केला आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना तोच करायला लावला. लोक कुठे अडतात, कोणत्या भागापाशी सोडून देतात, हे त्यातून चांगलं कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑब्जेक्ट व्याख्येतून कळत नाही. कोणती माहिती कोणाकडे ठेवायची आणि ती बदलण्याचा हक्क कोणाला द्यायचा, हा निर्णय स्वतः कोड लिहिताना पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, तेव्हाच तो कळतो. म्हणून कोर्स निवडताना व्हिडिओ किती छान आहेत यापेक्षा सराव किती करून घेतात, हे बघा.

(कोड अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा आहे. इथे फक्त नावं देवनागरीत लिहिली आहेत.)

१. कोर्स एकच निवडा

तीन चांगले पर्याय आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा कोर्स मूक डॉट एफआय (mooc.fi) या संकेतस्थळावर आहे. २०१२ पासून हे प्रोग्रॅमिंगचे कोर्स सगळ्या जगाला मोफत खुले आहेत. जावाचे दोन कोर्स आहेत: पहिल्यात भाग १ ते ७, दुसऱ्यात ८ ते १४. व्हिडिओ जवळपास नाहीतच. वाचायचं, लगेच लिहायचं, आणि लिहिलेलं आपोआप तपासून मिळतं.

एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा जावाचा १२ आठवड्यांचा कोर्स आहे. व्याख्यानं बघून शिकण्याची सवय असेल आणि भारतात ओळखलं जाणारं प्रमाणपत्र हवं असेल, तर तो घ्या. नाव नोंदवणं मोफत आहे. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात.

तिसरा पर्याय म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. छोटे छोटे धडे, आणि त्यातले बरेच मराठी निवेदनासह. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजी मजकुराला घाबरून मागे फिरू नये. आधी इथले सुरुवातीचे धडे बघावेत आणि मग हेलसिंकीकडे यावं.

तिन्ही एकदम सुरू करू नका. एकात कंटाळा आला की दुसऱ्यात उडी मारायची, असं करणारे लोक ‘क्लास (ऑब्जेक्टचा साचा) म्हणजे काय’ हे तीन ठिकाणी ऐकतात आणि कुठेच क्लास लिहीत नाहीत. पुढचा लेख हेलसिंकीचा कोर्स धरून लिहिला आहे. माझ्या मते नवशिक्यासाठी तोच सगळ्यात चांगला.

२. काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. ८ जीबी रॅम असेल तर निवांत चालतं. मोबाइलवर हा कोर्स होत नाही.
- चालू ईमेल पत्ता, नोंदणीसाठी.
- इंटरनेट. सतत लागत नाही, पण सराव उतरवून घ्यायला आणि जमा करायला लागतंच.
- जेडीके, म्हणजे जावाचं डेव्हलपमेंट किट. नुसतं जेआरई (फक्त प्रोग्रॅम चालवणारा भाग) घेतलंत तर प्रोग्रॅम चालतील पण कंपाइल होणार नाहीत.
- कोड एडिटर आणि त्यातलं टीएमसी, म्हणजे ‘टेस्ट माय कोड’ हे सराव उतरवून घेणारं आणि तपासणारं साधन.
- कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल. ही कोर्सच्या पाचव्या भागात लागते, आणि तिच्याशिवाय पाचवा भाग करू नका.
- वेळ.

वेळेबद्दल स्पष्ट सांगतो, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. प्रत्येक कोर्स ५ युरोपीय क्रेडिटचा आहे, आणि फिनलंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण २७ तासांचं काम धरतात. म्हणजे एका कोर्सला सुमारे १३५ तास, दोन्ही मिळून २७०. आठवड्याला दहा तास दिलेत तर सहा महिने लागतील. ‘एका महिन्यात जावा’ असं कोणी सांगत असेल तर ही संख्या डोळ्यांसमोर ठेवा. रोज सव्वा तास आणि रविवारी अडीच तास, हे वेळापत्रक नोकरी करणाऱ्याला जमतं. सलग दहा तास फक्त रविवारी बसणं सहसा जमत नाही. मधल्या सहा दिवसांत मागचं पुसट होतं आणि पुढचा निम्मा रविवार ते आठवण्यातच जातो.

३. मशीन तयार करा

कोर्सच्या पानावर सध्या जी एडिटरची आणि जावाची आवृत्ती सुचवली असेल, तीच घ्या. जुन्या व्हिडिओत पाहून दुसरी आवृत्ती टाकू नका. जास्त नवीन म्हणजे जास्त चांगली, असंही इथे नसतं. बसवून झालं की टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून जावाची आणि जावा कंपायलरची आवृत्ती विचारा. दोघांनीही एकच आकडा सांगितला पाहिजे. वेगवेगळे आले तर मशीनवर दोन जावा नांदताहेत. जुना काढून टाका.

विंडोजवर आणखी दोन ठिकाणी पाय अडकतो. वापरकर्त्याचं नाव मराठीत ठेवलं असेल किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं असतील, तर काही साधनं गोंधळतात. सरावाचं फोल्डर सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाने, मधे मोकळी जागा न सोडता करा. दुसरं, ते फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. सिंक चालू असताना फाइल अडकून पडते आणि टेस्ट विनाकारण नापास होतात.

टीएमसीत लॉगिन करताना संस्था विचारली की मूक (MOOC) निवडा आणि मग जावा प्रोग्रॅमिंग एक. पहिला सराव सगळ्यात सोपा असतो. तो डाउनलोड करणं, चालवणं आणि जमा करणं एवढं एका बैठकीत पूर्ण करा, म्हणजे मशीनची कटकट त्याच दिवशी संपते.

एडिटरमध्ये आपोआप कोड सुचवणारा एआय सहाय्यक चालू असेल तर या कोर्सपुरता बंद करा. पुढे नोकरीत तो खुशाल वापरा. पण तुम्ही क्लासचं नाव लिहिताच तो बाकीचा क्लास भरून देत असेल, तर जो निर्णय घ्यायला शिकायचं आहे तोच तो घेऊन टाकतो.

४. पहिले तीन भाग: ऑब्जेक्ट अजून दूर आहे

भाग १ ते ३ मध्ये व्हेरिएबल, अट, लूप, मेथड (नाव दिलेला कामाचा तुकडा), लिस्ट, अ‍ॅरे एवढंच आहे. ज्यांनी कॉलेजात सी शिकलंय त्यांना हे वगळावंसं वाटतं. वगळू नका, वेगाने करा. या भागांतल्या दोन सवयी पुढे कामाला येतात.

पहिली: टेस्ट अक्षरन् अक्षर तपासतात. प्रश्नात वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असेल तर तुमच्या आउटपुटमध्येही तो हवा. स्पेस जास्त झाली, पहिलं अक्षर छोटं राहिलं, की टेस्ट लाल. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण टेस्टचा संदेश नीट वाचलात तर काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रश्नातला मजकूर हाताने टाइप करण्याऐवजी कॉपी करून घ्या.

दुसरी: कीबोर्डवरून वाचणारा स्कॅनर संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकदाच बनवा आणि गरज असेल तिथे तोच पाठवा. प्रत्येक मेथडमध्ये नवा स्कॅनर बनवला तर तुमच्या मशीनवर चालल्यासारखं वाटतं आणि टेस्टमध्ये फसतं. संख्या वाचतानाही आख्खी ओळ वाचून मग तिचा पूर्णांक करा. नेक्स्ट-इंटने थेट संख्या वाचली की एंटर मागे शिल्लक राहतो, आणि पुढची ओळ वाचायला गेलात की हाती रिकामी ओळ येते. या एका कारणापायी लोकांच्या संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

५. चौथा भाग: जेवणाचं कार्ड

इथे खरा विषय सुरू होतो. या भागातला ‘पेमेंट कार्ड’ हा सराव मला संपूर्ण कोर्सचा गाभा वाटतो, म्हणून त्यावर थांबतो.

विद्यार्थ्यांच्या उपाहारगृहातलं एक कार्ड आहे. त्यात शिल्लक असते. साधं जेवण घेतलं की २.६० युरो कमी होतात, भरपेट घेतलं की ४.६०. कार्डात पैसे भरता येतात, पण शिल्लक १५० युरोंच्या वर जाऊ द्यायची नाही. शिल्लक पुरेशी नसेल तर जेवण मिळत नाही आणि पैसेही कापले जात नाहीत. कोणी उणे रक्कम भरायचा प्रयत्न केला तर काहीच घडू नये.

सी शिकून आलेला माणूस इथे काय करतो? मुख्य प्रोग्रॅममध्ये शिल्लक नावाचं व्हेरिएबल ठेवतो, आणि प्रत्येक जेवणाआधी ‘शिल्लक २.६० पेक्षा जास्त आहे का’ ही अट लिहितो. पाच ठिकाणी जेवण, पाच ठिकाणी अट. त्यातली एक विसरली की शिल्लक उण्यात.

कोर्स तुम्हाला ही अट कार्डाच्या आत लिहायला लावतो. शिल्लक प्रायव्हेट. बाहेरच्याला ती थेट बदलताच येत नाही. तो फक्त म्हणू शकतो: साधं जेवण दे, भरपेट जेवण दे, एवढे पैसे भर. द्यायचं की नाही, हे कार्ड ठरवतं. आता मुख्य प्रोग्रॅम कितीही गलथान लिहिला तरी शिल्लक शून्याखाली जात नाही. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, आणि हे लिहून झाल्यावर त्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

सरावाच्या शेवटी पॉल आणि मॅट अशी दोन कार्डं बनवायची असतात, एकात २० युरो आणि दुसऱ्यात ३०. पॉल भरपेट जेवतो, मॅट साधं. पॉलकडे १५.४ उरतात, मॅटकडे २७.४. क्लास एकच लिहिला, पण दोन कार्डांच्या दोन शिल्लका एकमेकींना धक्का लावत नाहीत. हे स्क्रीनवर उमटतं तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि कन्स्ट्रक्टरमधल्या (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधल्या) ‘धिस’ या शब्दाकडे पुन्हा बघा. पॉलच्या कार्डासाठी कन्स्ट्रक्टर चालताना ‘धिस’ म्हणजे पॉलचं कार्ड, मॅटच्या वेळी मॅटचं.

या भागातले सापळे:

- पॅरामीटरचं आणि क्लासच्या व्हेरिएबलचं नाव सारखं असताना ‘धिस’ विसरणं. पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची किंमत देतो, कंपायलर तक्रार करत नाही, आणि शिल्लक शून्यच राहते.
- कन्स्ट्रक्टरला परतावा प्रकार लिहिणं. ‘व्हॉइड’ लिहिलंत की तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, साधी मेथड होतो.
- ‘नॉन-स्टॅटिक गोष्ट स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाही’ ही एरर आली की दिसेल तिथे स्टॅटिक (सगळ्या ऑब्जेक्टना सामाईक) लावत सुटणं. एरर जाते, पण सगळ्या कार्डांची शिल्लक एकच होऊन बसते. खरा उपाय म्हणजे आधी ‘न्यू’ने ऑब्जेक्ट बनवून त्याच्यावर मेथड बोलावणं.
- मेथडमध्ये थेट छापणं. किंमत परत करा आणि छापायचं काम बोलावणाऱ्यावर सोडा. ऑब्जेक्टचं वर्णन हवं असेल तर टू-स्ट्रिंग मेथड लिहा. ती लिहिली नाहीत तर क्लासचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि पुढे अगम्य अक्षरं छापली जातात. ते पाहून घाबरू नका, प्रोग्रॅम बिघडलेला नसतो.

जाता जाता एक: डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात पैसे ठेवले की कधीकधी दशांशानंतर लांबलचक शेपूट दिसतं. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावा ०.३०००००००००००००००४ अशी देतो. कोर्समध्ये ते चालतं. प्रत्यक्ष व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा किंवा बिग-डेसिमल हा अचूक दशांशांचा प्रकार वापरा.

६. पाचवा भाग: इथे वही काढा

कोर्स सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. भाग अवघड आहे असं नाही, पण त्यातलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वही.

गोष्ट अशी. ‘कार्ड’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये कार्ड नसतं. कार्ड मेमरीत कुठेतरी असतं आणि व्हेरिएबलमध्ये त्याचा रेफरन्स असतो, म्हणजे ते कुठे आहे याचा पत्ता. पूर्णांक किंवा डबल असेल तर किंमत स्वतःच व्हेरिएबलमध्ये बसते. एका पूर्णांकाची किंमत दुसऱ्याला दिली आणि दुसरा बदलला, तर पहिल्याला काही होत नाही. पण मॅटचं कार्ड असलेलं व्हेरिएबल नव्या व्हेरिएबलला दिलं आणि नव्यावरून जेवण घेतलं, तर मॅटची शिल्लक कमी होते. एकाच बँक खात्यावर नवरा-बायकोची दोन एटीएम कार्डं असतात, तसं हे आहे: कोणीही पैसे काढले तरी खातं तेच.

वहीत पानाच्या डाव्या बाजूला व्हेरिएबलांची नावं लिहा, उजव्या बाजूला ऑब्जेक्टचे चौकोन काढा, आणि बाण जोडा. ‘न्यू’ हा शब्द आला की नवा चौकोन. बरोबरचं चिन्ह आलं की फक्त बाण हलवायचा, चौकोन नवा काढायचा नाही. एवढे दोनच नियम. प्रत्येक ओळ वाचा आणि चित्र बदला. मग प्रोग्रॅम चालवून उत्तर ताडून बघा. पायथन ट्यूटर नावाचं मोफत साधन जावाचा कोडही असाच बाणांनी काढून दाखवतं. पण आधी हाताने काढा आणि ते पडताळ्यासाठी वापरा.

चित्र काढायची सवय लागली की तीन कोडी आपोआप सुटतात.

पहिलं, दुहेरी बरोबर आणि इक्वल्स. दुहेरी बरोबर विचारतं की दोन बाण एकाच चौकोनाकडे जातात का. इक्वल्स विचारते की चौकोनांच्या आतला मजकूर सारखा आहे का. आणि तेही तुम्ही क्लासमध्ये इक्वल्स लिहिली असेल तर. लिहिली नसेल तर ती दुहेरी बरोबरसारखीच वागते. स्ट्रिंगच्या बाबतीत फसगत जास्त होते. कोडमध्येच लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग जावा एकाच ठिकाणी ठेवतो, त्यामुळे तिथे दुहेरी बरोबर ‘खरं’ म्हणतं आणि आपल्याला वाटतं हे चालतं. मग कीबोर्डवरून तोच शब्द येतो आणि उत्तर ‘खोटं’. स्ट्रिंग नेहमी इक्वल्सनेच ताडा, अपवाद नको.

दुसरं, नल पॉइंटर एक्सेप्शन. बाण कुठेच जात नाही आणि तुम्ही त्याच्यावर मेथड बोलावली, एवढाच त्याचा अर्थ. एररची लांबलचक यादी वरून खाली वाचत या आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव पहिल्यांदा जिथे दिसेल, त्या ओळीचा क्रमांक बघा. त्या ओळीत टिंबाच्या डावीकडे काय काय आहे? त्यातलं एक नल आहे.

तिसरं, मेथडला ऑब्जेक्ट पाठवणं. मेथडला बाणाची प्रत मिळते. ती प्रत वापरून चौकोनाच्या आतलं बदललं तर बाहेर दिसतं. पण मेथडमध्ये पॅरामीटरला नवा ऑब्जेक्ट दिला, तर फक्त तिथला बाण हलतो, बाहेरचा जिथल्या तिथे राहतो.

याच भागात कार्ड आणि टर्मिनल (उपाहारगृहातलं पैसे घेणारं मशीन) असे दोन क्लास एकमेकांशी बोलतात. टर्मिनलकडे गल्ला असतो. ग्राहक कार्ड पुढे करतो, टर्मिनल कार्डाला विचारतो ‘एवढे काढता येतील का’, आणि उत्तर हो आलं तरच विक्रीची नोंद करतो. टर्मिनल कार्डाची शिल्लक स्वतः वजा करत नाही. तुमच्या कोडमध्ये टर्मिनल तसं करत असेल, तर टेस्ट हिरवी झाली तरी तो भाग पुन्हा लिहा.

७. सहावा आणि सातवा भाग

सहाव्यात वस्तू, सुटकेस आणि सामानकक्ष असा एक सराव आहे. सुटकेसमध्ये वस्तूंची यादी, सामानकक्षात सुटकेसींची यादी, दोघांनाही वजनाची मर्यादा. सामानकक्षाला एकूण वजन काढायचं असेल तर त्याने प्रत्येक सुटकेसला तिचं वजन विचारावं. आत शिरून वस्तू मोजत बसू नये.

याच भागात यूजर इंटरफेस वेगळा करायला शिकवतात: स्कॅनर आणि छापणं एका क्लासमध्ये, बाकीचं काम दुसऱ्यात. हे मनापासून करा. नोकरीतल्या कोडमध्ये पहिल्या दिवसापासून हीच विभागणी भेटते.

फॉर-ईच लूप चालू असताना त्याच लिस्टमधून काही काढू नका, एक्सेप्शन येतं. काढायच्या गोष्टी आधी वेगळ्या लिस्टमध्ये गोळा करा आणि लूप संपल्यावर काढा.

सातवा भाग शोधणं, क्रम लावणं आणि मोठे सराव. इथे पहिला कोर्स संपतो. दुसऱ्याला लगेच जाऊ नका. आठवडाभर थांबून पेमेंट कार्ड कोरी फाइल उघडून, काहीही न पाहता पुन्हा लिहा. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर चौथा-पाचवा भाग परत करा. त्यात कमीपणा नाही.

८. आठवा आणि नववा भाग: इनहेरिटन्सचा मोह

आठव्यात हॅशमॅप (किल्ली दिली की तिची किंमत शोधून देणारा साठा) येतो आणि त्याबरोबर एक नियम: इक्वल्स लिहिली की हॅशकोडही (मॅप ज्या संख्येवरून गोष्ट शोधतो ती देणारी मेथड) लिहायचाच. दोघांत तीच व्हेरिएबलं वापरा. एक लिहिलं आणि दुसरं विसरलं तर मॅपमध्ये ठेवलेली गोष्ट शोधायला गेल्यावर सापडत नाही, आणि एररही येत नाही.

नवव्यात इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास काढणं. ही कल्पना आली ती नॉर्वेतून. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली, त्यात क्लास, ऑब्जेक्ट आणि सबक्लास होते. जावा १९९५ मध्ये आला तेव्हा त्याने एक बंधन घातलं: क्लासला आईबाप क्लास एकच असेल, इंटरफेस (कोणत्या मेथड असायलाच हव्यात याची नुसती यादी) मात्र कितीही.

नवशिक्यांना इनहेरिटन्स फार आवडतं, कारण कमी कोड लिहावा लागतो. पण फक्त कोड कमी होतो एवढ्यासाठी ते वापरू नका. ‘विद्यार्थी ही व्यक्ती आहे’ हे वाक्य खरं आहे, म्हणून विद्यार्थी व्यक्तीपासून काढा. ‘गाडी हे इंजिन आहे’ हे खोटं आहे. गाडीला इंजिन असतं. तिथे इंजिन हे गाडीच्या आतलं व्हेरिएबल. प्रत्येक वेळी हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा.

इंटरफेस समजायला ‘खोक्यातले इंटरफेस’ हा सराव उत्तम. पुस्तक आणि सीडी दोघेही ‘पॅक करता येण्याजोगे’ आहेत, दोघेही स्वतःचं वजन सांगतात. प्रत्येक सीडीचं वजन ०.१ किलो. खोक्यात काय आहे याची खोक्याला पर्वा नाही, वजन सांगता आलं की झालं. मग खोकंही पॅक करता येण्याजोगं करायचं, म्हणजे खोक्यात खोकं जातं. पॉलिमॉर्फिझम इथे हाताला लागतो. वजनाची एकच हाक, उत्तर देणारे वेगवेगळे. खोकं स्वतःतच ठेवलं तर काय होईल, हे आधी वहीत काढा आणि मग चालवून बघा. खोकं स्वतःला वजन विचारत राहतं आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो होतो, म्हणजे न संपणाऱ्या हाकांनी जागा भरून प्रोग्रॅम कोसळतो.

नववा भाग झाला की मुलाखतीसाठी ते चार शब्द खुशाल तयार करा. आता प्रत्येकासाठी तुमच्याकडे स्वतः लिहिलेलं उदाहरण आहे: पहिल्यासाठी कार्ड, शेवटच्यासाठी खोकं. मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचं असतं तेही तेच.

९. अडलात तर

अर्धा तास स्वतः झुंजा, त्याहून जास्त नको. मग प्रोग्रॅम लहान करा: ज्या ओळीवर शंका आहे तेवढीच ठेवून बाकी काढा, मधे व्हेरिएबलच्या किमती छापून बघा, किंवा डीबगर (प्रोग्रॅम थांबवत थांबवत चालवणारं साधन) लावून एकेक ओळ पुढे सरका. मदत मागताना पूर्ण एरर, संबंधित मेथड आणि ‘काय व्हायला हवं होतं, काय झालं’ हे तिन्ही द्या. स्क्रीनचा मोबाइलवरून काढलेला तिरका फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा.

सराव पास झाल्यावर टीएमसीत नमुना उत्तर बघता येतं. ते दरवेळी वाचा. तुमचं उत्तर चाळीस ओळींचं आणि त्यांचं पंधरा ओळींचं असेल, तर कुठल्या पंचवीस ओळी त्यांना लागल्या नाहीत ते शोधा. एआयला विचारायचंच असेल तर उत्तर मागू नका. तुमचा कोड देऊन ‘ही एरर का येते ते समजाव, दुरुस्त करू नको’ असं सांगा.

१०. कोर्सबाहेरचा पहिला प्रोग्रॅम

अकराव्या भागापर्यंत फाइल वाचणं-लिहिणं येतं. तेव्हा चौदा भाग संपायची वाट न बघता स्वतःचं काहीतरी सुरू करा. मी सगळ्यांना एकच विषय सुचवतो: बचत गटाचा हिशेब. घरात आई, मावशी, वहिनी कोणी ना कोणी गटात असतेच, त्यामुळे नियम विचारायला माणूस हाताशी असतो, आणि वही समोर असते.

सभासद, मासिक वर्गणी, कर्ज, हप्ता, बैठक. आता कोड लिहिण्याआधी कागदावर ठरवा. कर्जाची उरलेली रक्कम कोणाकडे, सभासदाकडे की कर्जाकडे? एकाच सभासदाची दोन कर्जं असू शकतात का? हे मावशींना विचारा, कारण उत्तरावर क्लास बदलतात. हप्ता चुकला तर दंड कोण लावणार: कर्ज, सभासद की गट? गटाची एकूण शिल्लक वेगळी साठवायची की दरवेळी व्यवहारांतून मोजायची? माझं मत मोजायची, म्हणजे दोन आकडे कधी जुळले नाहीत असं होत नाही.

क्लास तीन-चारपेक्षा जास्त करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त सभासद आणि वर्गणी. ते चाललं की कर्ज, मग फाइलमध्ये साठवणं. इनहेरिटन्सची गरज बहुधा पडणार नाही, आणि नाही पडली तर ओढूनताणून आणू नका. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खातं उघडून कोड तिथे ठेवा, पण सभासदांची खरी नावं आणि रकमा चढवू नका, बनावट नावं वापरा. एका महिन्याच्या बैठकीचे खरे आकडे घरच्या मशीनवरच भरा आणि वहीतल्या बेरजेशी ताडून बघा. फरक आला तर आधी तुमचा कोड तपासा, मग वही.